यादीत 'वठलेला' असलेला वाळुंज

नदीकाठच्या रस्त्यासाठी झालेली झाडांची मोजणी तपासायला गेलो होतो. आमचं काम म्हणजे छातीच्या उंचीवर टेप लावायचा, घेर लिहायचा, बुंध्यावर आकडा रंगवायचा. बाकी सगळे वाद. ठेकेदाराच्या यादीत एका जुन्या वाळुंजापुढे, म्हणजे नदीकाठी वाढणाऱ्या देशी विलोच्या झाडापुढे, 'वठलेला' असा शेरा होता. 1975 चा झाडं जतनाचा कायदा असला, तरी मेलेल्या झाडासाठी फारसं कोणी भांडत नाही. म्हणून हा शेरा याद्यांत जरा जास्तच सापडतो.

झाड खरंच उघडं होतं. पाऊस नुकताच सरलेला, सगळा काठ हिरवागार, आणि याच्या अंगावर पान नाही. पण वाळुंजाची रीतच उलटी. पावसाळा संपताना पानं झडतात, थंडीच्या तोंडावर पालवी फुटते, मागोमाग फुलांचे तुरे लोंबतात. नखाने डहाळी खरवडली, तर आत ओला पोपटी थर. बोटाभोवती गुंडाळली तरी मोडेना.

म्हशी धुवायला आलेल्या मावशी हसल्याच. "मेलंय कुठं, साहेब? दिवाळी होऊ द्या की." त्यांच्याकडे पाला जनावरांना घालायचे, फांद्यांच्या पाट्या विणायचे, ताप आला की साल उकळून द्यायचे. सालीत सॅलिसिन हे ताप उतरवणारं द्रव्य असतं, तेव्हा यात भाबडेपणा काही नाही.

शेरा खोडला. झाड राहिलं. माझी खरी अडचण पुढेच आहे: काठाला दगडी भिंत येतेय. वाळुंजाचं बी कापसासारखं उडतं, पण जेमतेम काही दिवस जिवंत राहतं, आणि उघड्या ओल्या गाळावर पडलं तरच रुजतं. भिंतीवर गाळ कुठला? फांदीची काडी मात्र झकास लागते. बोटाएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी निम्मी ओल्या वाळूत खोचायची. मुळं फुटायला पावडरसुद्धा लागत नाही. रोपवाटिकेत इतकं गुणी झाड क्वचितच मिळतं. पण वाळुंजात नर वेगळा, मादी वेगळी. एकाच झाडाच्या काड्यांनी अख्खा काठ भरला, तरी सगळी नर नाहीतर सगळी मादी, म्हणजे बी नाहीच. हा नर की मादी ते तुरे आल्यावर कळेल. जोडीदार नदीच्या वरच्या अंगाला शोधावा लागेल.

अहवालात लिहिलं, भिंत मागे घ्या, निदान थोडा काठ मातीचा ठेवा. इंजिनिअरसाहेबांचा फोन आला, "तुम्ही सांगितलं तसं झाड ठेवलंय ना? मग आता चिखल कशाला हवाय?"