टॉर्निस्टर बेर्ता कानाला लागला: जुलै ते ऑक्टोबरची नोंद

काल रात्री पावणेदहाला ७०३० किलोहर्ट्‌झवर एका डच स्टेशनाने मला ५५९ दिलं आणि मी त्याला ५७९ (सिग्नल कसा ऐकू येतो ते सांगणारे हॅम मंडळींचे आकडे). माझा ट्रान्समीटर घरी बनवलेला, क्रिस्टलवरचा, पाच वॉटचा. समोरच्याची मोर्स मात्र मी ऐकत होतो जर्मन सैन्याच्या पाठीवरच्या रिसिव्हरवर. जूनअखेरीस फ्रीडरिक्सहाफेनच्या हॅम रेडिओ मेळ्यात, जुन्या मालाच्या टेबलावरून हा डबा उचलला तेव्हा एवढीच इच्छा होती की यावरून एक तरी पूर्ण क्यूएसओ, म्हणजे दोन स्टेशनांमधला संवाद, व्हावा.

ज्यांनी हा रिसिव्हर, म्हणजे टॉर्न. ई. बी., हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टॉर्निस्टर म्हणजे सैनिकाची पाठपिशवी आणि बी म्हणजे बेर्ता. जर्मन लोक अक्षर सांगताना बी फॉर बेर्ता म्हणतात, म्हणून हा सगळीकडे टॉर्निस्टर बेर्ताच. १९३०च्या दशकाच्या मध्यावर आलेला हा संच युद्ध संपेपर्यंत बनत राहिला. साधारण ९७ किलोहर्ट्‌झ ते ७.१ मेगाहर्ट्‌झ, आठ पट्ट्यांत (बँडमध्ये). बटण फिरवलं की आत कॉइलचा अख्खा ड्रम खडखडत फिरतो आणि हव्या त्या पट्ट्याच्या कॉइल संपर्कपट्ट्यांना येऊन भिडतात. सुपरहेट नाही, म्हणजे आलेली फ्रिक्वेन्सी आधी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीत बदलत नाही. रेडिओ सिग्नल वाढवणाऱ्या दोन आरएफ स्टेज, मग रिजनरेटिव्ह डिटेक्टर (आपलाच सिग्नल थोडा परत स्वतःला देऊन जोर वाढवणारा), मग एक ऑडिओ स्टेज. चार व्हॉल्व्ह आणि चारही एकाच जातीचे, आरव्ही२पी८००. आघाडीवर सुटा व्हॉल्व्ह बाळगायचा तर एकच प्रकार बाळगायचा. हा विचार मला आजही फार आवडतो. दोन आरएफ स्टेजचा आणखी एक फायदा म्हणजे डिटेक्टर दोलन करू लागला तरी ते दोलन एरियलपर्यंत उलटं पोचत नाही. नाहीतर असा रिसिव्हर स्वतःच छोटा ट्रान्समीटर होतो आणि शत्रूच्या दिशाशोधकांना आपला पत्ता देतो.

जुलैत फक्त उघडणं आणि पुसणं केलं. आत नाझी काळातला गरुडाचा तपासणी शिक्का आहे. तो मी घासून काढला नाही आणि मिरवणारही नाही. हे यंत्र कोणाच्या कामाला जुंपलं होतं ते विसरून मला त्याच्याशी खेळता येत नाही. फोटो काढताना तेवढा भाग मी झाकतो, जर्मनीत कायद्यानेही ते बरं. व्हॉल्व्ह डोकं खाली करून खोल कपात बसतात, मूठ धरून सरळ वर ओढायचे. मी एक जरा तिरका ओढला, काच वाचली ती नशिबाने. चौघांचे फिलामेंट मल्टिमीटरवर पाहिले तर एकाचं तुटलेलं. क्लबातले एक आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी सिगारच्या डब्यात कापसात ठेवलेला एक काढून दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "चालू झाला की आधी मला ऐकव."

ऑगस्ट गेला कॅपॅसिटरमध्ये. व्होल्टेज देऊन काय होतं ते बघायचा मोह होतो, पण एवढ्या वर्षांच्या कागदी कॅपॅसिटरवर थेट ९० व्होल्ट सोडणं मला पटत नाही. प्रत्येकाचं एक टोक सोडवलं, १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ९० व्होल्ट दिले आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजलं. इथे एक व्होल्ट म्हणजे दहा मायक्रोअँपिअर गळती, हिशेब तोंडी होतो. चांगला कॅपॅसिटर एकदा भरला की काटा हललाच नाही पाहिजे. एकावर ३१ व्होल्ट आले, म्हणजे तो कॅपॅसिटर राहिलाच नव्हता, जेमतेम १९० किलोओहमचा रेझिस्टर झाला होता. कागदी सगळे कमीजास्त गळत होते, सिरॅमिक सगळे ठणठणीत. गळक्यांच्या नळ्या गरम हवेने सैल करून आतलं भेंडोळं काढलं आणि त्याच पोटात आजचे फिल्म कॅपॅसिटर बसवले. काढलेला ऐवज नाव-जागा लिहून पाकिटात ठेवला आहे. पुढे कोणाला मूळ रूप तपासायचं असेल तर त्याला ते मिळालं पाहिजे.

बॅटरीचा प्रश्न सोपा निघाला. ९ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ९० व्होल्ट, शिवाय एक फ्यूज. फिलामेंटसाठी २ व्होल्टचा सीलबंद लेड सेल. एका व्हॉल्व्हला १.९ व्होल्टवर ०.१८ अँपिअर लागतात, चौघांना मिळून ०.७२. हा आकडा लक्षात ठेवा, माझे तीन आठवडे त्यानेच खाल्ले.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी स्विच दाबला. फिलामेंट थेट तापणारं असल्यामुळे लहानपणीच्या मर्फीसारखं वाट बघत बसावं लागत नाही, हेडफोनमध्ये लगेच खरखर आली. पहिल्या पट्ट्यात १२९.१ किलोहर्ट्‌झवर जर्मनीतल्या माइनफ्लिंगेनहून वीजजाळ्यासाठी जाणारे नियंत्रण संदेश, थोडं वर १४७.३ वर पिनेबर्गहून जर्मन हवामान खात्याचं टेलिटाइप. रिजनरेशनचं बटण वाढवत नेलं की एका क्षणी 'टप्प' असा हलका आवाज होतो आणि स्टेशनाची एरवी ऐकू न येणारी मुकी वाहक लहर सूर धरते. त्या 'टप्प'साठी दोन महिने थांबलो होतो.

पण वरच्या पट्ट्यांत हा आवाज येईना. सातव्यात कधी येई, कधी नाही. आठव्यात अजिबात नाही. आधी संशय ड्रमवर. संपर्क काळे पडले होतेच. आयसोप्रोपिलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी संपर्काखालून ओढत गेलो, पट्टी काळी होईपर्यंत आणि मग पांढरी निघेपर्यंत. पॉलिश पेपर कृपा करून लावू नका, वरचा चांदीचा थर गेला की परत आणता येत नाही. सातवा पट्टा सुधारला, आठवा तसाच. मग व्हॉल्व्ह अदलाबदल करून पाहिले. सगळे एकच जातीचे, त्यामुळे हे सोपं. फरक शून्य.

शेवटी आजोबांनी फोनवर विचारलं, फिलामेंटचं व्होल्टेज कुठे मोजलंस? मी मोजलं होतं सेलच्या टोकांवर, दोन्ही वेळा बरोबर. सॉकेटवर मोजलं होतं तेही बरोबर, पण तेव्हा व्हॉल्व्ह काढलेले होते. चारही बसवून सॉकेटवर मोजलं तर १.६! वाटेत ०.३ व्होल्ट गडप. ०.७२ अँपिअरला तेवढी घट म्हणजे ०.४ ओहमच्या आसपास विरोध, आणि तो मुख्य स्विचच्या संपर्कात बसला होता. रिकाम्या सर्किटमध्ये प्रवाहच नाही, म्हणून घटही दिसत नव्हती. फिलामेंट अर्धपोटी, म्हणून व्हॉल्व्हचा जोर कमी. खालच्या पट्ट्यांत तेवढ्यावर भागतं, पण सात मेगाहर्ट्‌झवर दोलन धरायला पुरत नाही. स्विच उघडून संपर्क साफ केले, पट्टी किंचित वाकवून दाब वाढवला. १.८८. आठव्या पट्ट्यात 'टप्प'.

कालच्या क्यूएसओत दोन स्टेशनं एकमेकांना खेटून होती. रिजनरेटिव्ह सेटमध्ये निवडकपणा बेताचाच, पण बेर्तात ९०० हर्ट्‌झचा टोन फिल्टर आहे. हव्या स्टेशनाचा सूर बरोबर ९०० वर आणून फिल्टर लावला की शेजारचा मागे जातो, पुसला जात नाही पण मागे जातो. डायल केसभर हलवायची, श्वास रोखून. एरियल मी बदलत्या स्विचवर घेतली आहे. पाठवताना रिसिव्हरची एरियल सुटते, तरी माझा सूर त्यात ऐकू येतोच, आपलं पाठवणं आपल्याला ऐकायला वेगळा साइडटोन लागत नाही.

आजोबांना आज सकाळी फोनवर रेकॉर्डिंग ऐकवलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, परत लाव.

तिसरा पट्टा अजून मुका आहे. ड्रमवरची एक कॉइल तुटलेली निघाली. तार केसाहून बारीक, टोक मेणात कुठेतरी. पुढच्या शनिवारी भिंगाखाली घेणार आहे. कोणी बेर्ताच्या तिसऱ्या पट्ट्याची कॉइल उघडली असेल तर मेण कसं उतरवलं ते कळवा.