मंजुरी एक कोटीची, पण यंदाची तरतूद किती?

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येतं, पुरवणी मागण्या मंजूर होतात आणि लगेच गावोगावी 'अमुक कोटींचा निधी मंजूर' असे फलक झळकतात. तो आकडा बहुतेक वेळा प्रशासकीय मान्यतेचा, म्हणजे काम करायला दिलेल्या सरकारी मंजुरीचा असतो. यंदा खर्चायला किती, हे त्यावर नसतं.

समजा, एक कोटीचा रस्ता आहे आणि पहिल्या वर्षाची तरतूद दहा लाख. तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश मात्र पूर्ण रकमेचे निघतात. काम सुरू होतं, अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद घेतो, पहिलं चालू देयक (तोवर झालेल्या कामाचं बिल) तयार होतं आणि तिथेच अडतं. कारण बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन निधी वितरण प्रणालीवर, त्या लेखाशीर्षाखाली (सरकारी हिशेबातल्या त्या खर्चाच्या खात्यात) पैसेच आलेले नसतात. कंत्राटदार यंत्रं उचलून नेतो. त्याला तरी किती दोष द्यायचा?

काम कुठल्या थरावर थांबलं, यावर पुढचं ठरतं. खडीकरण झालंय, पण वर कार्पेट आणि सीलकोट हे डांबरी थर नाहीत, अशा अवस्थेत पावसाळा लागला तर उमरेड-भिवापूरकडच्या काळ्या मातीत रस्ता टिकतच नाही. पाणी खडीतून खाली मुरतं, माती फुगून मऊ पडते, ट्रॅक्टरच्या चाकाखाली खडी रुतते, कडा खचतात. हे पुन्हा करण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकात नसतो. त्यात दर वाढलेले. 18 जुलै 2022 पासून अशा कामांवरचा जीएसटीही 12 वरून 18 टक्क्यांवर गेला. मग एक तर सुधारित प्रशासकीय मान्यतेची वाट बघा, नाहीतर रस्त्याची लांबी कापा. लांबीच कापली जाते.

मार्चअखेरीस उलटा प्रकार. पैसे एकदम येतात, आणि 31 मार्चपर्यंत खर्च झाले नाहीत तर व्यपगत होतात, म्हणजे हातचे जातात. जिल्हा परिषदेला निदान पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत मुभा असते.

ग्रामसभेत म्हणूनच तीन गोष्टी विचारा: लेखाशीर्ष कोणतं (ग्रामविकासाचं 2515, की रस्ते-पुलांचं 3054 किंवा 5054), यंदाची तरतूद किती, आणि बीडीएसवर आजवर किती आले. उत्तर टाळलं तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. अर्जात कामाचं नाव कार्यारंभ आदेशात आहे तसंच, अक्षरशः लिहा. मोघम लिहिलं की 'माहिती स्पष्ट नाही' म्हणून अर्ज परत येतो.