गुडघ्यांसाठी बारा आठवडे

गेल्या वर्षीच्या चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर मी ट्रॉलीने गेले. २०१८ साली सुरू झालेली ही ट्रॉली म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी मोठीच सोय आहे, यात शंका नाही. पण ज्या देवीला आम्ही खान्देशची माहेरवाशीण म्हणतो आणि जिच्यासाठी आमच्या भागातून हजारो माणसे उन्हातान्हात पायी निघतात, तिच्या सुमारे पाचशे पायऱ्या वयाच्या साठाव्या वर्षी आपल्याला चढता येऊ नयेत, हे मला फार लागले. तेहतीस वर्षे मी फळ्यासमोर उभी राहून शिकवले होते, त्यामुळे आपले पाय भक्कम आहेत असा माझा समज होता.

धुळ्याला परतल्यावर मी माझ्याच मनाने उपाय सुरू केला. चालणे चांगले एवढे ऐकून होते, म्हणून एका पहाटे देवपुरातून निघाले आणि पांझरेकाठच्या रस्त्याने पाच किलोमीटर चालून आले. बरे वाटले, म्हणून दुसऱ्या दिवशी सहा चालले. चौथ्या दिवशी उजवा गुडघा सुजला आणि पुढचे तीन आठवडे मी जिन्याचा कठडा धरून वावरले. सूज उतरली की पुन्हा उत्साह, पुन्हा सूज, पुन्हा अंथरूण, असे आषाढापासून दिवाळीपर्यंत तीनदा झाले. आज मागे वळून पाहताना जाणवते की माझा घात आळसाने केला नाही, तर बऱ्या दिवसांनी केला. गुडघा दुखत नसला की मी मागची सगळी बाकी एकाच सकाळी फेडायला निघत असे.

अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहून गुडघ्याच्या कूर्चेची मध्यम झीज असल्याचे सांगितले, शस्त्रक्रियेचा विचार सध्या नको म्हणाले आणि एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या त्या मुलीने आधी गुडघ्याला हातच लावला नाही. तिने मला बिनहाताच्या खुर्चीवर बसवले, हात छातीशी धरायला सांगितले आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभी राहून बसता येते ते मोजले. आठ वेळा झाले. साठ ते चौसष्ट वयाच्या स्त्रीला बारापेक्षा कमी जमले तर ते सरासरीहून कमी समजतात, असे तिने सांगितले. "काकू, झीज आहेच, पण तुमच्या मांडीचा पुढचा स्नायू त्याहून जास्त थकलेला आहे. तो भार उचलत नाही म्हणून सगळा भार सांध्यावर येतो," असे म्हणून तिने बारा आठवड्यांचा तक्ता लिहून दिला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात झाली. पहिले दोन आठवडे इतके किरकोळ होते की मला फसवल्यासारखे वाटले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबून धरायची, असे दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, तोही दहा वेळा. आणि हे सारे एक दिवसाआड, कारण स्नायूला सावरायला मधली विश्रांती लागते. चालणे रोज, पण फक्त पंधरा मिनिटे. शेजारच्या आजी दारातून पाहून म्हणाल्या, "हाई काय करी ऱ्हायनी माय, टावेल दाबी ऱ्हायनी?" त्यांचे हसणे मला रास्तच वाटले.

तिसऱ्या आठवड्यापासून दहा-दहाचे तीन फेरे आले आणि पायाला वजन बांधायचे ठरले. मी जुन्या साडीच्या दोन पिशव्या शिवल्या आणि प्रत्येकीत अर्धा किलो ज्वारी भरली. लागोपाठ दोन वेळा तीनही फेरे पाय न थरथरता पूर्ण झाले तरच पाव किलो ज्वारी वाढवायची, एरवी नाही. दहाच का, अशी मास्तरकीची शंका आली म्हणून वाचले, तेव्हा कळले की दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी ही क्रमाक्रमाने वजन वाढवण्याची पद्धत रूढ केली आणि १९४८ साली ती दहा-दहाच्या तीन फेऱ्यांवर आणून ठेवली. त्या सैनिकांतही बहुतेकांचे गुडघेच जायबंदी असणार, असे मी आपले मनाशी धरून चालले.

तक्त्याच्या तळाशी वेदनेचा नियम होता आणि माझ्या मते सगळ्या कागदातली तीच सर्वांत मोलाची ओळ होती. वेदनेला शून्य ते दहा गुण द्यायचे. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखले तर थांबायचे नाही, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते दुखणे मूळ पातळीवर यायला हवे, न आल्यास पुढच्या वेळी एक फेरा कमी करायचा. तोवर दुखले की मी घाबरून सगळेच सोडत असे आणि न दुखले की सगळेच दुप्पट करत असे. आता निर्णय माझ्या मनःस्थितीवर राहिला नाही, तो वहीतल्या आकड्यावर गेला. पाचव्या आठवड्यात एके दिवशी पाय इतका हलका वाटला की तासभर चालावेसे वाटले. पण तक्त्यात पंचवीस मिनिटे होती, म्हणून मी नदीच्या पुलाशी थांबून चरफडत परत फिरले. माझी सर्वांत शिस्तीची सकाळ कोणती, असे कोणी विचारले तर मी तीच सांगेन.

एक खंडही पडला. फेब्रुवारीच्या अखेरीस घरात बिबडे आणि कुरडयांचे दिवस आले, पाहुणे आले, आणि नऊ दिवस वही उघडलीच नाही. पूर्वीची मी अशा वेळी एक तर हरून बसले असते, नाही तर राहिलेले सगळे एकदम भरून काढायला गेले असते. इथे त्याचीही सोय लिहिलेली होती: आठवड्याहून जास्त खाडा झाला तर एक टप्पा मागे यायचे, पहिल्या पानावर जायचे नाही. मी पाव किलो ज्वारी काढून ठेवली आणि पुढे चालू लागले.

बारा आठवड्यांनंतर त्याच खुर्चीवर तेरा वेळा उठता आले. झीज भरून आलेली नाही, थंडीच्या सकाळी गुडघा अजूनही कुरकुरतो, आणि भाकरी थापायला जमिनीवर बसणे मी कायमचे सोडले आहे. आता आठवड्यातून दोन दिवस वजनाचा व्यायाम आणि पाच दिवस तीस मिनिटे चालणे एवढाच नेम आहे. मध्यम वेगाचे हे दीडशे मिनिटांचे चालणे जागतिक आरोग्य संघटनेच्या किमान अपेक्षेतही बसते.

या चैत्रात गडाच्या पायऱ्या चढले. तीन ठिकाणी थांबले, आणि थांबायची ठिकाणे आधीच ठरवलेली होती. उतरताना मात्र ट्रॉलीत बसले, कारण पायऱ्या उतरताना गुडघ्याच्या वाटीवर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो, असे फिजिओथेरपिस्टने बजावले होते. वर पायी आणि खाली ट्रॉलीने असे कोणी करते का, म्हणून नणंदबाई वाटभर हसत होत्या. दुसऱ्या सकाळी वहीत वेदना दोन लिहिली, आणि त्या दिवशी तक्त्यात विश्रांती होती.