तोच आधी हसतो

मंगळवार, रात्री

आज खेळाच्या तासाला दोन्ही बाजूंचे भिडू निवडून झाले आणि नेहमीप्रमाणे तोच उरला. अख्खा वर्ग त्याला 'गोलू' म्हणतो. तो ओ देतो, हसतो, स्वतःच्या जाडीवरचे विनोद इतरांच्या आधी करतो. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, पोरगं मोठं खेळकर आहे. मला ते हसणं बघवत नाही. भर उन्हाळ्यात अंगातला स्वेटर न काढणारं, वर्गाचा फोटो निघताना मागच्या रांगेत सरकणारं हेच पोर आहे. उद्यापासून भिडू चिठ्ठ्या टाकून ठरवणार आणि ते नाव वर्गात बंद.

१९६१ साली अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांपुढे सहा मुलांची चित्रं ठेवली होती. एक धडधाकट, एक कुबड्या घेतलेलं, एक चाकाच्या खुर्चीतलं, एकाला हात नाही, एकाच्या चेहऱ्यावर व्यंग आणि एक जाड. आवडीप्रमाणे क्रम लावायला सांगितला, तर जाड मूल सर्वांत शेवटी गेलं. चाळीसएक वर्षांनी तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा ही नावड वाढलेली निघाली!

मला वाटतं, बाकीच्यांचं ते नशीब आणि याने मात्र खाऊन ओढवून घेतलं, असा हिशोब मुलं आपल्याकडूनच शिकतात. खरं तर भूक किती लागावी, पोट कधी भरल्यासारखं वाटावं, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आणि बोलून बोलून वजन उतरतही नाही. ज्यांना चिडवलं जातं त्यांचं वजन पुढे जास्तच वाढतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. साहजिकच आहे. मूल मैदान टाळतं, चारचौघांत खायला लाजतं, मग एकटं असताना खातं.

संध्याकाळी त्याची आई भेटली. "सर, तुमचं ऐकतो तो. कमी खा म्हणून जरा सांगा ना." बोलताना डोळे भरून आले होते तिचे. घरीही उठता-बसता हाच विषय असणार. मी म्हटलं, ताई, वजनाचं डॉक्टरांना बघू द्या, पण त्याच्यासमोर तो आकडा काढू नका. त्याचं ताट वेगळं करू नका, बदल करायचा तर घरातल्या सगळ्यांच्याच ताटात करा. फिरायला जायचं तर सगळेच जा. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "त्याच्या आजोबांना कसं सांगू?"

शनिवारी त्यांनाही घेऊन यायला सांगितलंय.