पाणी नितळ असूनही मासे का मरतात?

‘दर पंधरा दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करतो, खडे, फिल्टर, काचा सगळं घासून धुतो. पाणी अगदी नितळ असतं. तरी मासे का मरतात?’ मासे पाळणाऱ्यांकडून हा प्रश्न मला सतत येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सविस्तर सांगतो. बहुतेक घरांत मासे त्या धुण्यामुळेच मरतात.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. न खाल्लेले दाणे आणि विष्ठा कुजली की त्यात आणखी भर पडते. घरच्या टाकीत माशाला मारायला अमोनियाचं जे प्रमाण पुरतं, ते डोळ्यांना दिसत नाही की नाकाला कळत नाही. म्हणून नितळपणावरून पाण्याची परीक्षा करता येत नाही. हा अमोनिया संपवण्याचं काम दोन प्रकारचे जिवाणू करतात. पहिले त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषच आहे: ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि एअर पंप जोरात चालू असतानाही मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत राहतो. नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य. ते पाणी बदलून काढता येतं, थोडं वनस्पती शोषून घेतात.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते पृष्ठभागांना चिकटून राहतात. सर्वांत जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये, त्याखालोखाल खड्यांवर. शिवाय ते फार सावकाश वाढतात. एरवीचे कितीतरी जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. त्यामुळे नव्या टाकीत त्यांची पुरेशी वसाहत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली स्पंज आणि खडे खसाखसा धुतले की ही वसाहत बहुतांश जाते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. मासे मात्र तितकेच असतात, खाणंही तितकंच. तीन-चार दिवसांत अमोनिया चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट. तेवढ्यात पुढच्या धुण्याची तारीख येते.

म्हणून टाकी कधीही पूर्ण रिकामी करू नका. आठवड्यातून एकदा पंचवीस-तीस टक्के पाणी बदला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी आपल्याकडची सर्वसाधारण टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटरची. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात ४५-५० लिटर पाणी असतं, म्हणजे दर आठवड्याला बारा ते पंधरा लिटर, एक मोठी बादली. पाणी मगाने वरून उपसू नका, नळीने सायफन करून खड्यांमधून ओढा, कारण घाण तिथे असते. एका वेळी निम्म्याच तळाचे खडे साफ करा, उरलेले पुढच्या आठवड्यात. स्पंज महिन्यातून एकदा, तोही टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात दोन-तीनदा पिळून परत बसवायचा. तो तपकिरी दिसतो ते बरंच आहे. पिळायचा तो पाण्याचा प्रवाह मोकळा राहावा म्हणून, पांढरा करायला नाही. आणि टाकीच्या कुठल्याही वस्तूला साबण कधीच लावू नका.

नव्या पाण्याबद्दल. पालिकेच्या पाण्यातला क्लोरीन कल्ले जाळतो. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं, आणि शक्य असेल तर त्यात एअरस्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीचा बुडबुडे सोडणारा दगड, सोडला, तर तो उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, दुकानात ज्याला ‘हायपो’ म्हणतात ते खडे. १० ग्रॅम खडे १०० मिलि पाण्यात विरघळवून बाटली करून ठेवा. दहा लिटर पाण्याला या द्रावणाचा एक मिलि पुरतो. हे वाचणारे कुणी अमेरिकेत असतील तर तिथल्या अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते पाणी नुसतं ठेवून जात नाही, त्यासाठी क्लोरामाइनवर चालणारं कंडिशनर, म्हणजे पाणी माशांसाठी सुरक्षित करणारं द्रावणच हवं.

बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते बऱ्याचदा जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं असतं आणि त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा, ८ च्या आसपास. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना असं पाणी मानवतं, निऑन टेट्रासारख्यांना नाही. यावर उपाय म्हणून कित्येक जण सगळी टाकी आरओच्या पाण्याने भरतात, आणि ते आणखी वाईट. वर सांगितलेले जिवाणू काम करताना पाण्यातला, पीएच स्थिर ठेवणारा क्षारांचा आधार खात जातात. आरओच्या पाण्यात तो मुळातच नसल्यासारखा, त्यामुळे पीएच अचानक घसरतो आणि सहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळजवळ थंडावतं. जड पाणी हलकं करायचं असेल तर निम्मं बोअरचं, निम्मं आरओचं असं मिसळा आणि प्रत्येक वेळी तेच प्रमाण ठेवा. माशाला आकड्यापेक्षा चढउतार जास्त बाधतो.

पीएचची आणखी एक गोष्ट माहीत असायलाच हवी. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच फार घातक. पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का त्या घातक रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच-सहा टक्के होतो. महिनोन्महिने दुर्लक्ष झालेल्या टाकीचा पीएच उतरलेला असतो आणि साचलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात पडून असतो. अशा टाकीत एकदम निम्मं बोअरचं पाणी ओतलं की तो काही मिनिटांत जहाल होतो. ‘पाणी बदललं आणि रात्रीतून मेले’ यामागे पुष्कळदा हेच असतं. अशी टाकी सावरायची तर रोज दहा टक्के, असं आठ-दहा दिवस बदलत न्या.

नवी टाकी सुरू करणाऱ्यांना माझा आग्रह एकच: मासे शेवटी आणा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज मागून आणायचा. दह्याला विरजण लागतं तसाच तो. ओला ठेवून तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये घातला तर आठवड्याभरात थोडे मासे सोडता येतात. जुन्या टाकीचं नुसतं पाणी आणून मात्र उपयोग नाही, जिवाणू त्यात नगण्य असतात.

स्पंज मिळत नसेल तर माशांशिवायच जिवाणूंना अमोनिया पुरवायला अमोनियम क्लोराइड वापरा. हा रासायनिकदृष्ट्या नवसागरच, पण कल्हईसाठी मिळतो तो अशुद्ध असतो. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्याकडून शुद्ध घ्या. ५ ग्रॅम १०० मिलि पाण्यात विरघळवा. ५० लिटरच्या टाकीत याचे ६ मिलि घातले की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. फिल्टर चोवीस तास चालू. अमोनिया आणि नायट्राइट मोजणारं थेंबांचं टेस्ट किट हवंच. अमोनिया उतरला की पुन्हा ६ मिलि. मधे नायट्राइट खूप चढेल, घाबरू नका, पण तेव्हा मात्रा थोडी कमी करा. ज्या दिवशी २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसतील, त्या दिवशी टाकी तयार. मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट कमी करा आणि मासे आणा.

किती आणि कोणते? ५० लिटरला सहा-आठ गप्पी किंवा आठ-दहा निऑन. गोल्डफिश या टाकीत नको, तो फार घाण करतो आणि वाढतो. एकट्या गोल्डफिशला ७५-८० लिटर हवेत, काचेच्या वाडग्यात त्याचा छळ होतो. दुकानात बोटाएवढा दिसणारा ‘शार्क’ हा बहुधा पंगस असतो, तो तीन-चार फुटांचा होतो. ‘टाकी साफ करतो’ म्हणून दिला जाणारा सकर मासा फूटभर होतो आणि स्वतःच सर्वांत जास्त विष्ठा करतो. आणि कृपा करून, मोठा झाला म्हणून तो नदीत किंवा तलावात सोडू नका. तिथल्या देशी माशांच्या मुळावर तो येतो. परत घेणारं दुकान शोधा.

खाणं दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. मासा काचेपाशी आला म्हणजे भुकेला आहे असं नाही, त्याला माणूस आणि खाणं यांचा संबंध कळलेला असतो.

मासे आत्ता वर येऊन धापा टाकत असतील तर औषधाच्या बाटलीला हात लावू नका. आधी खाणं बंद. क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी तीसेक टक्के बदला आणि एअरस्टोन वाढवा. किटवर नायट्राइट दिसलं तर लिटरमागे एक ग्रॅम साधं खडे मीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, त्यामुळे रक्त वाचतं. मिथिलिन ब्लू हे निळं औषध मुख्य टाकीत कधीच नको, ते तुमच्या जिवाणूंनाही मारतं.

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट, एका परजीवीमुळे होणारा रोग. पुणे, नाशिक, नागपूरकडे थंडीत रात्रीचं तापमान घसरलं की हा हमखास येतो, म्हणून तिथे ५० लिटरला ५० वॉटचा थर्मोस्टॅटवाला हीटर लावाच. ठिपके पडून गेले म्हणजे रोग गेला नाही. तो परजीवी अंगावरून उतरून तळाशी फुटतो, त्याची शेकडो पिल्लं पुन्हा मासा शोधत निघतात, आणि औषध किंवा मीठ फक्त त्या पोहणाऱ्या पिल्लांनाच मारू शकतं. म्हणून तापमान हळूहळू ३० अंशांवर न्यावं, लिटरमागे २ ग्रॅम मीठ दोन दिवसांत विभागून घालावं, दिवसाआड तळ सायफन करावा आणि हे पूर्ण दोन आठवडे चालू ठेवावं. कोरिडोरास किंवा लोच हे तळाशी राहणारे मासे असतील तर मीठ निम्मं. वनस्पती मिठाने खराब होतील, त्या आधी वेगळ्या काढा.

उन्हाळ्याचं उलट. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि माशाला तेव्हाच तो जास्त लागतो. विदर्भ-मराठवाड्यात दुपारी पाणी ३२-३३ च्या पुढे जातं. झाकण उघडून वर जाळी टाका, छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फाचे खडे थेट टाकू नका. लाइट जाण्याची सवय असलेल्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि स्पंज फिल्टर हीच जोडी चांगली. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर चार-पाच तास थांबला असेल तर आत प्राणवायू संपून पाणी सडायला लागलेलं असतं. तो सुरू करण्याआधी आतलं पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळा आणि मगच बटण दाबा.