जाहिरातीची जागा आधी आखा

मे महिना, झाडावर शेवटचा आंबा, आणि देवगडवर आभाळ भरून आलेलं. उद्या तोड करायची की थांबायचं, हे ठरवायला बाबा पडवीत फोन घेऊन बसले. अवकाळी पावसाच्या बातमीवर बोट टेकवणार, तेवढ्यात वरून जाहिरात उघडली, मजकूर खाली सरकला आणि बोट पडलं कर्ज देणाऱ्या ॲपवर. "अगो, बातमी खंय गेली?" जाहिरात बंद करायची फुली मोहरीएवढी. बाबांचं बोट कोयत्याची मूठ धरून घट्टे पडलेलं. तीन वेळा तेच झालं.

मी कणकवलीत एका साप्ताहिकाची पानं नऊ वर्षं लावली. आमच्याकडे आधी डमी, म्हणजे पानाचा कच्चा आराखडा, यायची. त्यावर जाहिरातींचे चौकोन आखलेले असायचे, कॉलम सेंटिमीटरचा हिशेब लिहिलेला. उरलेल्या जागेत बातमी बसवायची. कापावी लागली की वार्ताहर चिडायचे, पण वाचकाच्या हातात गेलेलं पान हलत नसे. आमचे पगार जाहिरातींवरच व्हायचे. म्हणून जाहिरातीवर माझा राग नाही.

राग आहे जागा न आखण्यावर. वेबसाइटवर मजकूर आधी येतो. जाहिरात कुणाची लावायची याचा लिलाव त्याच क्षणी दुसऱ्या सर्व्हरवर होतो आणि ती मागाहून पोचते. तिच्या उंचीएवढी जागा कोडमध्ये आधीच राखली, तर काहीच सरकत नाही. दोन-चार ओळींचं काम! या सरकण्याला गूगल 'क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट' म्हणतं आणि ते ०.१ च्या आत असलं तरच पान चांगलं मानतं. म्हणजे मोजमाप आहे, उपायही आहे. तरी मराठी वाचकाच्या बोटाखालून बातमी निसटते.

दुसरं दुखणं वेषांतराचं. छापील पानावर बातमीसारख्या दिसणाऱ्या मजकुरावर आम्ही ठळक 'जाहिरात' लिहायचो. इथे फिकट, बारीक 'प्रायोजित'. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत अशी छुपी जाहिरात नाव घेऊन नोंदवलेली आहे. सांधेदुखीचा 'घरगुती उपाय' बाबा बातमी म्हणूनच वाचतात, आणि आईला वाचून दाखवतात.

त्या संध्याकाळी त्यांनी फोन माझ्याकडे दिला नाही. विजयदुर्गच्या मामाला लावला. "ढग खंयसून येतत रे?"