फिनिस्क नदीवरची देवडी

आयर्लंडमध्ये वास्तुजतन शिकताना एक जुनी इमारत मोजून तिचे नकाशे काढायचे होते. मी वॉटरफर्डमधल्या ड्रोमाना इस्टेटची देवडी निवडली. व्हिलियर्सटाउनजवळ, फिनिस्क नदीच्या पुलाच्या टोकाशी ती उभी आहे. मधे कमान, दोन्ही अंगांना बैठ्या खोल्या, वर कांद्याच्या आकाराचा हिरवट घुमट आणि बारीक मिनार. पहिल्यांदा पाहिली तेव्हा गावाकडचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

1826 मध्ये इस्टेटीचा मालक हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट याचं लग्न झालं. नव्या जोडप्याच्या स्वागताला इथे अशी कमान उभारली होती, पण ती तात्पुरती. आज दिसते ती दगडी देवडी नंतरची. मार्टिन डे या वास्तुकाराचा तिचा आराखडा 1849 चा आहे. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियन या भारतीय धाटणीच्या राजवाड्यामुळे तेव्हा असे घुमट इंग्रजांच्या डोळ्यांत भरले होते.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक खिडकी, प्रत्येक भिंत सुटी सुटी मोजली. रात्री बेरीज केली तर ती भिंतीच्या एकूण लांबीशी जुळेना. टेप दर वेळी उचलून टेकवताना थोडी थोडी चूक साठत गेली होती. सगळी मापं फेकून दिली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर शून्य धरलं आणि टेप न हलवता तिथूनच प्रत्येक कड वाचत गेले. मैत्रीण वहीत लिहीत होती. मग खोल्यांचे कर्ण घेतले. कर्णांशिवाय खोली काटकोनात आहे की नाही हे कळतच नाही, हे तेव्हा हाताला पटलं. कमानीसाठी ओळंबा सोडला आणि त्यापासून दर वीस सेंटिमीटरवर दोन्हीकडची अंतरं घेतली. घुमटापर्यंत हात पोहोचणार नव्हता, म्हणून त्याची उंची टोटल स्टेशनने, म्हणजे लांबून कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, काढली.

कागदावर रेषा उमटू लागल्या तशी ओळख बदलत गेली. खिडक्यांच्या टोकदार कमानी सरळ युरोपी गॉथिक घडणीच्या. विजापूरच्या इब्राहिम रोझ्यात घुमटाखाली कबरी आहेत, आतली शांतता आहे. इथे घुमटाखालून रस्ता जातो. हा घुमट कशावर छत धरत नाही, तो फक्त लांबून येणाऱ्याला दिसावा म्हणून आहे. तरी तो मला खोटा वाटला नाही. 1960 च्या दशकात आयरिश जॉर्जियन सोसायटी या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने ही देवडी दुरुस्त केली, म्हणून मला ती मोजता आली.

दर्शनी नकाशात घुमटाची वक्ररेषा मी मुद्दाम शेवटी काढली, हाताने.